घट्ट गाठ

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. लेकीजवळ नाही, दहाव्याला जमलेल्या भाऊबंदांजवळ नाही. बोलणार तरी कसं? सगळे म्हणत होते, नानांनी बायकोचं फार केलं.

सुमन आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते बोक्याच्या गळ्यात घुंगरू बांधायचं. मी मन्याला गोणपाटात गुंडाळून मांडीवर दाबला, तिनं दोरा घालून गाठ मारली. मन्यानं मला बोचकारलं. ती हसली — "बोका बी तुमनासारखाच शे." तेच तिचं शेवटचं हसणं.

घुंगरू कशाला? ओट्याला लागून लिंबोणी आहे. तिच्यात बुलबुलाचं घरटं, दोन पिल्लं. सुमनला धड दिसत नव्हतं, दम्यानं चालवत नव्हतं. ओट्यावरच्या खाटेवर पडून दिवसभर त्यांची चिवचिव ऐकायची. म्हणाली, आठ दिवस बोका कोंडून ठेवा, पिल्लं उडून जातील. मी म्हणालो, "कोंडाले तो काय म्हैस शे का?" मग तिनं ही युक्ती काढली. घुंगरू वाजलं की ती काठी आपटणार, बोका पळणार. त्या संध्याकाळी दोनदा पळालाही.

पण घुंगरू आणलं कुठून? माझ्या बैलांच्या माळेतून. बैल विकले तरी माळ खुंटीला होती, पोळ्याला मी ती चिंचेनं घासायचो. तिनं मला न विचारता कापली.

राग माळेचाच होता? खोटं कशाला बोलू — चौथी शिकलेला माणूस मी, पण एवढं कळतं. पाखरांशी ती दिवसभर बोलायची. माझ्याशी गोळी आणि पाणी, एवढंच.

दुसऱ्या दिवशी पिल्लं गेली. झाडाखाली थोडी पिसं, आणि दोऱ्यासकट घुंगरू. ते मी तिच्या हातात दिलं. तिनं दोरा बोटांनी चाचपला, खूप वेळ. म्हणाली, "मना हातमा आते जोर नही ऱ्हायना. गाठ ढिली पडनी."

तेव्हा बोलता आलं असतं ना? मी काय म्हणालो — "हा, ढिलीच व्हती."

बुलबुल दोन दिवस चोचीत अळ्या घेऊन फांदीवर येत राहिले. ती कान देऊन ऐकायची आणि तोंड भिंतीकडे करायची. त्यानंतर तिनं कसलीच गाठ मारली नाही. परकराची नाडीसुद्धा शेजारच्या अक्काकडून बांधून घ्यायची. पंधरा दिवसांनी गेली. जायच्या आधी लेकीला म्हणाली, माझ्या हातानं दोन जीव गेले गं. लेक रडली. मी तिथंच होतो — खाटेच्या पायथ्याशी.

गाठ ढिली नव्हती. नखानं सुटेना. दातानं सोडवावी लागली.

घुंगरू बांधलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मन्याला चुलीपाशी धरला, गाठ सोडली आणि त्याला मागच्या दारानं बाहेर काढला. तो सरळ लिंबोणीकडे निघाला. पोट जमिनीला घासत, पाय न वाजवता. मी दारातून पाहिलं. हाक मारली असती तर थांबला असता, माझं ऐकायचा तो.

ओट्यावरून सुमननं विचारलं, "आयकं का? बोका घरमाच शे ना?"

मी चुलीपाशी बसलो, बशीत चहा ओतला, आणि दुसऱ्या हातानं घुंगरू वाजवत राहिलो.