रेडिओची तार बांधणाऱ्या रहीमभाऊंना मारलं

मंडळी, चौकातल्या या फळ्यावर डाव्या हातानं लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या.

आज सकाळी रेडिओवर बातमी आली की शत्रू देशानं लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्राची चाचणी केली. टपरीवर कुणीतरी म्हणालं, "आपल्या जवळचा चांद्याचा दारूगोळा कारखानाच पहिले उडवतीन." तेवढ्यात रेडिओ दुरुस्त करणारे रहीमभाऊ छपरावर तार बांधताना दिसले.

"तिकडं खबर देऊन राह्यला काय बे?" म्हणत चौघांनी त्यांना खाली ओढलं. काठीनं डोकं फोडलं. मी मधे पडले, तर एक दणका माझ्या उजव्या मनगटावर बसला.

रक्त पुसत रहीमभाऊ म्हणाले, "बाई, साऱ्यायले बातम्या ऐकू याव्या म्हणून बांधत होतो."

त्या चौघांना आपण सगळेच ओळखतो. उद्या पोलीस ठाण्यात माझ्यासोबत साक्षीला कोण येता?