नागभीडच्या टेकडीवरच्या रेघा

पुण्याहून निघताना माझ्या मनात खोट होती, हे आधीच कबूल करते. पिशवीत होकायंत्र, हातोडी आणि सुनंदाच्या लेखाची प्रत. भूविज्ञानाच्या एका नियतकालिकाने तो छापावा की नाही यावर माझं मत मागवलं होतं. मत घरी बसूनही देता आलं असतं. पण सुनंदाने त्यात माझाच जुना प्रबंध खोडून काढला होता. तिला चुकीचं ठरवायला मी रजा टाकून नागभीडला निघाले.

सुनंदा आणि मी एका वर्गातल्या, वसतिगृहात एकाच खोलीतल्या. परीक्षेत मी पुढे असायचे, नंतर सगळ्यातच ती. आता तिची ठिकठिकाणी व्याख्यानं होतात आणि मी कॉलेजात वर्षानुवर्षं तोच धडा शिकवते. तिचं नाव कुठे छापून आलं की माझा दिवस खराब जातो.

आमचा वाद साधा आहे. नागभीडजवळची ती टेकडी म्हणजे फार पुरातन डोंगररांगेचा झिजून उरलेला बुंधा. जमिनीचे दोन प्रचंड पट्टे एकमेकांना भिडले की मधला खडक चेपून उभ्या पापुद्र्यांचा होतो आणि त्यावर ताणाच्या बारीक रेघा उमटतात. दाब समोरासमोर असेल तर रेघा वरून खाली. पट्टे तिरके येऊन भिडले, तर खडक चेपतो आणि बाजूलाही ओढला जातो. मग रेघा आडव्या. माझ्या प्रबंधात उभ्या, सुनंदाच्या लेखात आडव्या.

नागपूरहून बसने नागभीडला उतरले तर टेकडीखालच्या गावाकडची गाडी नुकतीच गेलेली. दीड तास चहा पीत बसले. मग ऑटोने निघाले. दोन्ही बाजूंना धानाची कापलेली शेतं आणि पलीकडे जंगल.

सुनंदा ज्यांच्याकडे उतरते त्या देवाजीभाऊंकडेच मला जावं लागलं. गावात दुसरी सोय नव्हती.

"सुनंदा मॅडमच्या मैत्रीण ना तुमी?" त्यांच्या पत्नी शेवंताबाईंनी हात धरून आत नेलं. "मॅडम तर आमची लेकच हायेत. त्याईले लाखोळीची डाळ लय आवडते, तुमाले चालते ना?"

लाखोळी (धान काढल्यावर त्याच शेतात पेरतात ते कडधान्य) मी पहिल्यांदाच खाल्ली. चव उत्तम होती. कौतुक मात्र तोंडातून निघालं नाही, कारण सुनंदाने ते आधीच करून ठेवलं होतं.

सकाळी देवाजीभाऊंबरोबर धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) टेकडीकडे निघाले. वाटेत त्यांनी मलाच धडा दिला.

"पाहा बाई, दोन बैल टकरा घेतेत तवा सरळ नाई भिडत. एक तिरपा घुसते. मंग मधातली माती चेपतेबी अन् घसटतबी जाते. तसाच झाला हा पहाड. मॅडमनं सांगतलं मले."

वर्गात मला याला अख्खा तास लागतो. घसाऱ्यावर पाय निसटला, गुडघा खरचटला, तरी त्या बैलांचाच राग जास्त आला.

माथ्यावर माझा दगड जागेवर होता. पुरुषभर उंच, शेजारच्या पापुद्र्यांच्या रांगेतच उभा. प्रबंधात याचंच मोजमाप होतं. बाकीच्यांवर शेवाळ म्हणून तेव्हा सोडून दिले होते. यंत्र लावलं. रेघा उभ्या, अगदी सरळ. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. सुनंदाचा लेख परत पाठवायची वाक्यं डोक्यात तयार होऊ लागली.

"तो काऊन मोजून राह्यल्या बाई?" देवाजीभाऊ म्हणाले. "तो तर माह्या आज्यानं उभा केला. पलीकडल्या गावची गुरं इकडं चरत, म्हणून शिवेची खूण. खाली आडवा पडला होता. सब्बलनं (पहारीनं) उचलला अन् भेगेत रोवला."

मी यंत्र बाजूला ठेवलं. हा खडक रेघांच्या दिशेनेच लांबट फुटतो. लांबट दगड उभा करणारा तो टोकावरच उभा करणार, आणि रेघाही उभ्या होणार. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी बजावते, दगड मूळ जागेवरचा आहे का ते आधी बघा.

"सुनंदाला हे माहीत आहे?"

"त्याईनं तर पहिल्याच दिवशी इचारलं, कोणता दगड आपल्या जागचा अन् कोणता माणसानं हलवला, सारे दाखवा. याच्यापाशी लय वेळ बसल्या. मंग म्हणल्या, भाऊ, हे कोणाले सांगू नका." ते थोडे ओशाळले. "तुमी मैत्रीण हाव म्हणून सांगतलं."

लेखात तिने एवढंच लिहिलं होतं: पूर्वीची निरीक्षणं अपुरी होती. मला तिने झाकून घेतलं होतं, आणि मला त्याचाही संताप आला. चांगुलपणातसुद्धा हीच पुढे! गावातल्या माणसाला विचारावं, हे माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं.

मग शेवाळ खरवडून दुपारपर्यंत जागचे पापुद्रे मोजले. सगळीकडे रेघा आडव्या.

परतीच्या गाडीत मत लिहिलं. लेख छापावा. एक दुरुस्ती आवश्यक: जुन्या प्रबंधात मोजलेला दगड माणसांनी उभा केलेला होता, हे प्रबंधाच्या नावासकट स्पष्ट लिहावं. मत देणाऱ्याचं नाव लेखकाला कळवत नाहीत, पण हे वाक्य वाचताच सुनंदा मला ओळखेल. पुणं येईपर्यंत ते तीनदा खोडलं आणि तीनदा पुन्हा लिहिलं. घरी पोहोचल्यावर पाठवून दिलं. तिचा हेवा मला आजही वाटतो. फक्त आता तिला माझ्यासाठी काही झाकावं लागणार नाही.