हिरव्या थरातला चेहरा

रेल्वेच्या यार्डात तेहेतीस वर्षं सांधे बदलणारा मेतोदी निवृत्त झाला आणि रिकाम्या हातांचं करायचं काय, हेच त्याला कळेना. घरातला प्रत्येक नळ, प्रत्येक कडी त्याने उघडून पुन्हा बसवली. बायको दोन्का कावली. "अरे, जरा टेक की कुठे! बघणाऱ्याला घेरी येते."

मार्चमध्ये द्राक्षमळा खणताना त्याच्या कुदळीला मडकं लागलं. आत चिखलाने चिकटलेली सतरा रोमन नाणी. ती विदिन शहरातल्या संग्रहालयात द्यायची हे त्याला ठाऊक होतं. 'आधी जरा स्वच्छ करू,' म्हणत त्याने ती बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्याच्या बरणीत टाकली. अशी नाणी महिनोन्महिने भिजू द्यावी लागतात. मेतोदीला आठवडाभरही धीर निघेना. दिवसातून दहादा बरणी हलवायचा, एखादं नाणं भिंगाखाली धरून सुईने कोरत बसायचा.

एका दुपारी एका नाण्यावरचा हिरवा थर निघाला आणि त्याच्याबरोबर सम्राटाचं नाकही. खाली नुसतं लालसर, सपाट तांबं.

"काय झालं रे?" दोन्काने विचारलं.

"कुठे काय!" त्याने नाणं खिशात टाकलं.

दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बरणी मांडीवर धरून तो विदिनच्या बसमध्ये बसला.

संग्रहालयात नाणी साफ करणाऱ्या तरुणीने, तेमेनूगाने, ते नाणं बराच वेळ निरखलं. "काका, चेहरा त्या हिरव्या थरातच होता हो. त्याच्याखाली काही नसतं."

"इतकी शतकं मातीत टिकला. माझ्या हातात पंधरवडा नाही टिकला, पोरी."

ती रागावली नाही. "दर मंगळवारी येत जा. पण फक्त पाणी बदलायचं. सुई दिसली तर बघा!"

"आणि उरलेला वेळ बसून काय करू?"

"बसायला कोण सांगतंय? फिरा."

मग दर मंगळवारी तो तिथल्या बरण्यांतलं पाणी बदलायचा, डॅन्यूबच्या काठाने तरातरा चालत सुटायचा आणि बरण्या जागेवर आहेत ना, हे बघायला परत यायचा. जूनमध्ये तिने त्याच्या हातात लाकडी काडी दिली. भिंगाखाली एका सम्राज्ञीचा अंबाडा एकेक बट करत मोकळा होत गेला. गालावर तेवढा एक टणक खडा उरला. मेतोदीची बोटं शिवशिवू लागली. एकदा टोचून बघावं? त्याने काडी टेकवली, श्वास रोखला आणि काडी खाली ठेवली.

"काय हो, थांबलात?"

"तो खडा राहू दे तिच्या गालावर," तो उठत म्हणाला. "मी जरा चालून येतो. इथे बसलो तर काही खरं नाही."

आणि कोट तिथेच खुर्चीवर विसरून तो नदीकडे निघाला.