दाराकडे तोंड केलेले बूट

नानांना मी शेवटचं पाहिलं ते बूट घातलेले. घरात. पुढच्या दाराजवळच्या खुर्चीत ताठ बसले होते, डोक्याला कानटोपी, अंगात कोट आणि पायांत त्यांचे ते तपकिरी नाडीचे बूट. मी ऑफिसला निघाले होते, एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात किल्ल्या, आणि तशीच थबकले. कारण घरात कुणी चपला-बूट घालून फिरलेलं नानांना मुळीच खपत नसे. केबल दुरुस्त करायला आलेल्या माणसालासुद्धा त्यांनी खुणेनं बूट काढायला लावले होते, आणि तो बिचारा आमच्या घरभर मोज्यांवर फिरला होता. "कुठे निघालात नाना?" मी विचारलं. "कुठे नाही गं. घालून बसलोय नुसता," ते म्हणाले. मी म्हटलं, दाराच्या फटीतून वारा येतो, जरा आत बसा, आणि रोजच्यासारखी स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये जाऊन गाडी काढली. दुपारी सुहासचा, माझ्या नवऱ्याचा फोन आला. तो त्या दिवशी घरून काम करत होता. "नाना गेले," एवढंच बोलला. त्याच खुर्चीत गेले. आता दोन महिने होत आले. बर्फ वितळला, शेजाऱ्यांच्या अंगणात पिवळी फुलं आली. माझ्या डोळ्यांपुढून ते बूट मात्र हलत नाहीत.

नाना माझे सासरे. अकोल्याच्या एका शाळेत उभा जन्म पीटीचे सर होते. निवृत्तीनंतरही गावात त्यांना पाहिलं की चांगली टक्कल पडलेली माणसं खांदे मागे घेऊन उभी राहत. सायकल घ्या म्हटलं तर त्यांना अपमान वाटे. शाळा, भाजीबाजार, बँक, लग्नं, मयतं, सगळीकडे पायी. माझ्या सासूबाई गेल्यावर सुहासने त्यांचं ग्रीन कार्ड करून त्यांना इकडे अमेरिकेत, एडिसनला आणलं. एकटे कसे राहतील, हा प्रश्न होताच आणि त्याचं दुसरं उत्तर कुणाकडेही नव्हतं. पण झालं काय, की चालणारा माणूस चालायला जागा नसलेल्या गावात आला. आमच्या घरासमोरचा फुटपाथ कोपऱ्यापर्यंत जातो आणि तिथे संपतो. का संपतो, देव जाणे. पुढे नुसत्या गाड्या. दुधाला गाडी, देवळाला गाडी, ओक ट्री रोडवर मेथीची जुडी आणायची तरी गाडी. सोमवार ते शुक्रवार नाना घरात बसून असत आणि शनिवारी आम्ही त्यांना कुठेतरी नेऊन आणत असू. एकदा मला म्हणाले, "मेधा, मी पार्सल झालोय गं. कुणी उचललं तर हलतो."

आणखी एक गोष्ट त्यांना खटकायची, ती म्हणजे आमचं गॅरेजमधून येणं-जाणं. इथे सगळ्यांचंच तसं असतं. पुढचं दार दिवाळीला पाहुणे आले की उघडायचं, एरवी गॅरेजचं बटण दाबायचं, गाडी आत, माणसं आत. बुटांचा ढीगही तिथेच. नाना म्हणायचे, घराला चांगलं दार असताना चोरासारखे कोठीतून काय निघता रे! ते स्वतः पुढच्या दारानेच जात, नुसतं टपालपेटीपर्यंत जायचं असलं तरी. आणि बाहेरून आल्यावर बूट काढले, की फिरवून त्यांचं तोंड दाराकडे करून ठेवत. शाळेत मुलांना हेच शिकवलेलं. आल्या आल्या निघायची तयारी करून ठेवावी, म्हणजे निघताना खोळंबा होत नाही. आमची आठ वर्षांची इरा त्यांचे बूट मुद्दाम उलटे फिरवून ठेवायची आणि ते रागावल्याचं सोंग करून ते परत सरळ करायचे. हा खेळ त्यांचा दिवसाकाठी एकदा तरी व्हायचा.

२००५च्या उन्हाळ्यात सुहासला कंपनीने तीन महिने स्वीडनला पाठवलं, गोथेनबर्गला. माझी नोकरी तेव्हा गेलेली होती, इराला सुट्टी होती, म्हणून आम्ही सगळेच गेलो. तिथले लोक त्या गावाला योतेबोरी म्हणतात. नानांनी पहिल्याच आठवड्यात तो उच्चार घोटून घेतला आणि आम्हाला दुरुस्त करायला लागले, सवय जाते कुठे. खाली दगडी मजला आणि वर दोन लाकडी, अशा जुन्या घरांच्या वस्तीत आमची जागा होती, अगदी वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मला आधी धास्ती वाटली होती की यांचे गुडघे काय म्हणतील... चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी उठून पाहते तर दारापाशी बूट नाहीत. भाषा येत नाही, फोन जवळ नाही, परका मुलुख. सुहासला ऑफिसमधून बोलावून घेणार तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. नाना आले, हातात पाव, पावसाने भिजलेले, आणि चेहरा असा की मी चार शब्द सुनावायचे ठरवले होते ते विसरूनच गेले. टेकडीवरच्या त्या मोठ्या चर्चपर्यंत चढून गेले होते, वरून सगळं बंदर आणि जहाजं पाहून आले होते. "एकटाच गेलो आणि एकटाच आलो," ते म्हणाले. मग टॉवेलने डोकं पुसताना परत एकदा तेच म्हणाले.

त्यानंतर ते रोज जाऊ लागले. त्यांची पद्धत ठरलेली होती. निळ्या-पांढऱ्या ट्राममध्ये बसायचं, शेवटच्या स्टॉपला उतरायचं आणि रुळांच्या कडेकडेने चालत परत यायचं. चुकायचा प्रश्नच नाही म्हणाले, रूळ घरी आणून सोडतात. असं करत त्यांनी ते अख्खं गाव पायाखाली घातलं. कालव्याकाठचे रस्ते, लाकडी घरांची गल्ली जिथे ताटाएवढे दालचिनीचे गोड पाव मिळतात, नदी ओलांडणारी होडी, आणि तो मासळीबाजार, जो बाहेरून थेट चर्च दिसतो. पक्के शाकाहारी, पण नाकाला रुमाल लावून आतली सगळी मासळी नीट पाहून आले. संध्याकाळी जेवताना इराला सगळा वृत्तांत, अगदी हजेरी घेतल्यासारखा. आमच्या खालच्या मजल्यावर इंग्रिड नावाच्या आजी राहत. त्यांनी एकदा कॉफीला बोलावलं आणि आम्ही दारात बूट काढायला वाकलो तर आत त्यांचे स्वतःचे बूट आधीच ओळीत मांडलेले. नानांना कोण आनंद झाला. तिथे सगळेच दारात बूट काढतात. "आपल्यातलेच आहेत हे," ते मला हळूच म्हणाले, आणि इंग्रिडबाईंच्या बुटांच्या शेजारी आपले बूट फिरवून ठेवले.

पण त्या गावात त्यांना सगळ्यांत जास्त काय आवडलं असेल, तर रस्ता ओलांडणं. हसू येईल कुणाला. पांढऱ्या पट्ट्यांपाशी माणूस नुसता उभा राहिला तरी तिथल्या गाड्या थांबतात. नानांना आधी ते खरंच वाटेना. एवढी मोठी बस, आणि ती आपल्यासाठी थांबते... ते मध्यावर पोचले की ड्रायव्हरला कडक सॅल्यूट ठोकत. इरा लाजून दहा पावलं मागे राहायची. मी मात्र त्यांच्याकडे पाहत राहायचे. एडिसनला आमच्याकडे दोन वर्षं खुर्चीत बसून असलेला हा माणूस, आणि त्याच्यासाठी सगळी रहदारी थांबलेली. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी सुहासला विचारलं, पुढच्या उन्हाळ्यात परत यायचं का. प्रोजेक्ट मोठं होतं, सुहास म्हणाला, येऊ की. त्याने ते मनापासूनच म्हटलं होतं.

परत आल्यावर आठवडाही झाला नसेल, नाना सकाळी पुढचं दार उघडून निघाले. फुटपाथ संपला तरी थांबले नाहीत. दुकानांच्या प्लाझाशी मोठा रस्ता आहे, तिथे पांढरे पट्टे आहेत, आणि नाना सगळा उन्हाळा उतरले होते तसेच त्या पट्ट्यांवर उतरले. गाडी थांबली, पण कशी, ते टायरच्या आवाजावरून कळलं म्हणे सगळ्या प्लाझाला. गाडीतली बाई काच खाली करून नाही नाही ते बोलली. कुणीतरी पोलिसांना फोन केला. तो पोलीस भला होता, पत्ता विचारून अगदी अदबीने त्यांना घरी घेऊन आला, पण आणलं ते पोलिसांच्या गाडीतून, मागच्या सीटवर बसवून. ज्यांच्या शिट्टीवर शाळा उभी राहायची ते आमचे नाना पोलिसांच्या गाडीतून उतरले आणि समोरच्या घरांतले पडदे हलले. मान ताठ होती त्यांची. पाणी दिलं तर म्हणाले, "पट्टे तर तसेच होते गं."

संध्याकाळी सुहासने सांगून टाकलं, एकट्याने बाहेर पडायचं नाही. त्याचे डोळे लाल झालेले होते, भ्यायला होता तो. मी पुष्कळ भांडले, की माणूस आहे तो, असा डांबून कसा ठेवता येईल, तर सुहास म्हणाला, मग रस्ता तू थांबवणार आहेस का? इराने तर आजोबांना समजावूनच सांगितलं, "आजोबा, यू कान्ट जस्ट वॉक देअर." नानांनी मान डोलावली. वाद घातला नाही. वाद घातला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

त्या हिवाळ्यात ते घरातल्या घरात चालायला लागले. जेवणाच्या टेबलाभोवती, मग जिन्याने वर, मग खाली, परत टेबलाभोवती. मोजे घालून, आवाज न करता. योतेबोरीच्या जागेला पायऱ्या आहेत ना, म्हणायचे, पाय तयार पाहिजेत. जेवायला बसले की योतेबोरीच्याच गोष्टी, या वेळी कुठल्या ट्रामने कुठे जायचं त्या. सुहास खाली मान घालून जेवायचा. नाताळानंतर त्याने मला एकटीला गाठून सांगितलं, की प्रोजेक्ट कॅन्सल झालं, उन्हाळ्यात कुणीच जाणार नाही. नानांना कसं सांगायचं, त्याला जमेना. म्हटलं, मी सांगते. दुपारी चहा करून त्यांच्यापुढे बसले, इकडचं तिकडचं बोलले. नानांनीच कप खाली ठेवला.

"गोथेनबर्गचं कॅन्सल झालं ना? सुहास फोनवर बोलत होता तेव्हाच कळलं मला."

पहिल्यांदाच ते गोथेनबर्ग म्हणाले, योतेबोरी नाही. मी विचारलं, मग रोज एवढं चालता कशाला, गुडघे दुखतात ना रात्री?

"पायांना अजून सांगितलं नाही मी," ते म्हणाले. "तूही सांगू नकोस."

आणि उठून टेबलाभोवती चालायला लागले. मी बेसिनशी जाऊन नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी ती सकाळ आली. मी तिच्याभोवती सारखी फिरत राहते... त्या दिवशी त्यांनी पायांना सांगून टाकलं असेल का? की उलट, पायांनीच ऐकलं नाही आणि बूट चढवून दारापर्यंत आणून बसवलं? अँब्युलन्समधून आलेल्या मुलीने त्यांचे बूट, कोट पाहून सुहासला विचारलं होतं, ते बाहेर निघाले होते का. सुहासने मला हे बऱ्याच दिवसांनी सांगितलं. तो त्या मुलीला हो म्हणाला. चालायला निघाले होते, म्हणाला. एवढं सांगून तो हमसून हमसून रडायला लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी त्याला असं रडताना कधी पाहिलेलं नव्हतं.

भेटायला पुष्कळ लोक आले. आमचं मराठी मंडळ अशा वेळी फार धावून येतं. कुणी डबे आणले, कुणी इराला दोन दिवस घरी नेलं. पुढचं दार दिवसभर उघडं होतं आणि दारात बुटांची ही रास. नाना असते तर सगळे ओळीने लावून घेतले असते. हळूहळू ती रास कमी होत गेली आणि दाराशी एकच जोड उरला. एका काकूंनी जाताना विचारलं, हे देऊन टाकायचे का कुणाला, चांगले आहेत अजून. मी नको म्हटलं.

हल्ली सुहास ऑफिसमधून आला की गाडी बाहेरच ठेवतो आणि पुढच्या दाराने येतो. बूट काढतो, वाकून फिरवतो आणि नानांच्या बुटांशेजारी ठेवतो. इरा आता त्या बुटांना हात लावत नाही, लांबून वळसा घालून जाते. मी केर काढताना ते उचलते, खालची धूळ पुसते आणि होते तसे परत ठेवते, तोंड दाराकडे करून, नाड्या आत खोचून. उन्हाळा येतोय. नाना गेले, हे त्या बुटांना आमच्यापैकी कुणी अजून सांगितलेलं नाही.