आधी चावा, नाव मग

पान खुडायचं, कंपनीच्या निळ्या शर्टाच्या बाहीला पुसायचं, समोरच्याच्या तळहातावर ठेवायचं आणि म्हणायचं, “आधी चावा. नाव मग सांगतो.”

रावेतमधल्या आमच्या सोसायटीच्या गेटपाशी दर रविवारी सकाळी हा सोहळा चाले. चाकणजवळच्या एका गावातून मामा टेम्पो घेऊन येत. आठवडाभर कंपनीत शिफ्ट, रविवारी भाजीवाटप. ते नक्की कुणाचे मामा हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून सगळ्यांचेच.

“नाव आधी का नाही सांगत?” मी पहिल्याच रविवारी विचारलं.

“नाव आयकलं की मानूस तोंड वाकडं करतो, ताई. आन् मग कितीबी चावलं तरी वाकडंच ऱ्हातं.”

मी चावलं. आंबट, किंचित खारट, जरा बुळबुळीत. आवडलं की!

“घोळ,” मामा म्हणाले. “तुमच्या पार्किंगमधी फरशीच्या फटीत उगवतीय. तुमचा माळी उपटून टाकतो.”

तुम्हीच सांगा, आपण काय खातो? मेथी, पालक, फ्लॉवर, कोबी आणि पुन्हा मेथी. बाजार जे समोर ठेवतो त्यालाच आपण आपली आवड म्हणतो. मामांकडे ती सोय नव्हती. हंगामाची वर्गणी आधी भरायची आणि रानात जे येईल त्याचा सारखा वाटा बांधलेल्या पिशवीतून घ्यायचा. निवडानिवड नाही. ही तर साक्षात समता! चळवळीतल्या आईवडिलांच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून लहानाची मोठी झालेली मी, लगेच एक पत्रक लिहून काढलं. मामांनी ते टेम्पोला टेकून सावकाश वाचलं.

“कडू हाय,” म्हणाले. “पन चावतो.”

मामांचं रान भावांच्या सामाईकीत होतं. भावांना ते सपाट करून कंपन्यांच्या ट्रेलरना पार्किंगसाठी द्यायचं होतं. त्यांनी अट घातली होती: पिशव्या खपतायत तोवर पीक, भरलेल्या पिशव्या घरी परत यायला लागल्या की पार्किंग.

आणि एका पावसाळ्यात अंबाडी आली. मग पुन्हा अंबाडी. मग पुन्हा.

“मामा, परत हीच?” शेजारच्या विंगमधल्या काकूंनी पिशवीत डोकावून कपाळाला हात लावला. “आम्ही काय पाप केलंय?”

“रानानं दिली, काकू.”

“मग रानालाच परत करा!”

पाहता पाहता चार घरांनी तेच केलं. मामांचा आवाज मी पहिल्यांदाच बारीक झालेला ऐकला. “ताई, ह्या घरी न्हेल्या तर भाऊ बघंल.”

मी भडकले. गेटवर उभी राहून खाण्याच्या राजकारणावर भाषण ठोकलं. एकही पिशवी हलली नाही. वॉचमनने तेवढ्या टाळ्या वाजवल्या.

“ताई, दमानं,” म्हणत मामांनी टेम्पोतली रिकामी पाटी खाली ठेवली. “ज्याला जे नको ते हितं टाका. ज्याला हवं त्यानं उचला. पिशवी मातर मला रिकामी द्या.”

काकूंची अंबाडी पाटीत पडली न पडली तोच लातूरकडच्या एका वहिनींनी ती उचलली. “अगं बाई, अंबाडी! इथं कुठं मिळायलीय ही?” पुढच्या रविवारी ज्वारीच्या कण्या घालून केलेल्या त्याच अंबाडीचा डबा पाटीत होता. काकूंनी आधी चमच्याने चाखला, मग बोटाने. त्यानंतर अंबाडीसाठी त्याच सगळ्यांत आधी यायला लागल्या.

हळूहळू पाटी वाढत गेली. कोकणातल्या भाडेकरूंनी भाजीची कुयरी, म्हणजे कोवळा फणस, आणून ठेवली. कुणी नाचणीचे सांडगे ठेवले. मामा डोळे मिटून हात पुढे करायचे. “नाव सांगू नका हां!”

एकदा कुणीतरी ब्रोकोली दिली. मामांनी बराच वेळ चावली.

“फ्लॉवरला गवतात लोळवलाय का?”

“ब्रोकोली म्हणतात, मामा.”

“बगा! म्हनून मी नाव मग सांगतो.”

भरलेली पिशवी पुन्हा कधी गावी गेली नाही. मामांनी भावांची अट शेवटपर्यंत पाळली. पण सरकारच्या नव्या रस्त्याच्या मोजणीला ती अट कुठे माहीत होती? खुणांचे दगड थेट रानातून गेले आणि उरलेल्या तुकड्यावर भावांनी पार्किंगसाठी मुरूम टाकला. मी पुन्हा पत्रक लिहिलं, जळजळीत. मामांनी ते उभ्या उभ्या वाचून संपवलं.

“ह्ये चांगलं कडू हाय,” म्हणाले आणि घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं. टेम्पोत एकही पिशवी नव्हती. जाताना पाटी तेवढी गेटपाशी ठेवून गेले.

आता मामा रविवारी ओव्हरटाइम करतात. पाटी तिथेच आहे. रविवारी तिच्यात काही ना काही असतंच.

परवा तिच्यात एक जुडी होती. लालसर देठ, बारीक पानं. कुणी ठेवली, कुणालाच ठाऊक नव्हतं. मी एक पान खुडलं, बाहीला पुसलं आणि चावलं. आधी तुरट, मग जिभेच्या कडेला हलकंसं गोड. छान होतं. काकूही चावून बघत होत्या.

“कसली गं ही?” त्यांनी विचारलं.

मामांना फोन लावला. वाजत राहिला. शिफ्टवर मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो.

आम्ही दोघी पाटीपाशी तशाच उभ्या राहिलो, चावत.