पाटावरचं यंत्र

इमारत हलते का हे मोजायची परवानगी मागितली की माणसं फार पटकन रागावतात. हा माझ्या पीएचडीचा पहिला निष्कर्ष. तो प्रबंधात नाही.

विषय खरं तर सोपा होता. प्रत्येक इमारत हलते. वारा लागला, रस्त्यावरून ट्रक गेला, की डोळ्यांना दिसणार नाही इतकी हलते, आणि दर इमारतीची हलण्याची लय ठरलेली असते. ती लय बदलली तर कुठेतरी काहीतरी बिघडलंय असं समजायचं. हे मी रोह्यातल्या आणि पुलापलीकडे आमच्या अष्टमी गावातल्या पाच-सहा सोसायट्यांना समजावून सांगितलं. एका सेक्रेटरींनी कंपनं मोजायच्या यंत्राची पेटी उघडूसुद्धा दिली नाही. "आमची बिल्डिंग हलत नाय," ते म्हणाले, "आणि हलत असली तर सांगू नका. मला फ्लॅट विकायचाय." त्यात आमचे बाबा. कंपनीतून शिफ्ट संपवून येताना पुलावर भेटेल त्याला अभिमानाने सांगायचे, "आमची मुलगी बिल्डिंगी हलवते." उरलीसुरली दारंही बंद झाली.

शेवटी बाबांच्याच ओळखीने पेणला गणपतीचा एक कारखाना मिळाला. तीन मजली इमारत, खाली साचे, मधे रंगकाम, वर आखणी. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. इथे मालकाने मला स्वतःहून बोलावलं होतं आणि त्याला कारण त्याची आत्या होती.

आत्या वरच्या मजल्यावर डोळे काढायच्या. कारखान्यातले सगळे डोळे त्यांचेच, लग्नाआधीपासून. पण गेल्या हंगामात पापण्यांच्या रेघा कुठे कुठे थरथरल्या होत्या आणि दोन मूर्ती गिऱ्हाइकांनी परत केल्या होत्या. मालकाचं म्हणणं, आत्याचा हात थकला. आत्यांचं म्हणणं एकच होतं, "बिल्डिंग हालते गो. माझा हात नाय हालत." निकाल यंत्राने लावायचा ठरला. इमारत हलत नाही असं निघालं, तर या वर्षीपासून डोळे दुसऱ्या कारागिराकडे आणि आत्यांनी फक्त पितांबर रंगवायचे. आत्यांनी जन्मात पितांबर रंगवला नव्हता. तो त्यांना अपमान वाटत होता.

मी यंत्र वरच्या मजल्यावर, फरशीवर, आत्यांच्या बैठकीशेजारी ठेवलं. चार दिवस कुणी हात लावायचा नाही, असं तीनदा बजावलं. चार दिवसांनी गेले तर आत्यांनी ते स्वतःच खाली आणून, स्वच्छ फडक्यात बांधून दारातच माझ्या हाती दिलं. मला भरून आलं. संशोधनाला इतका मान मला कॉलेजातही मिळाला नव्हता.

नोंदी उघडल्या. आलेखात असा उंच सुळका होता की ही इमारत उभी कशी राहिली हेच नवल. मी माझ्या गाईड सरांना दाखवायच्या आधीच पेणला फोन केला. मालकाने वरच्या मजल्यावरचे गणपती उतरवायला घेतले. आत्यांनी शेजारच्या तीन कारखान्यांत पेढे वाटले. आपली इमारत पडायला आली म्हणून पेढे वाटणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

सरांनी आलेख पाहिला, चष्मा काढला आणि विचारलं, "हे इमारतीत मोजलंय की झोपाळ्यावर? परत जा. आणि या वेळी तिथेच बसून राहा."

गेले. यंत्र फरशीवर ठेवलं आणि वायर काढायला पिशवीकडे वळले. वळून पाहते तर आत्यांनी यंत्र अलगद उचललं होतं, खाली पाट सरकवला होता, पाटावर चौपदरी गोधडी घातली होती आणि आता त्या यंत्राला जास्वंद वाहत होत्या.

"आत्या, हे काय?"

"विद्येची वस्तू हाय ती. सगल्यांचे पाय लागतात. जमिनीवर कशी ठेवायची?"

म्हणजे चार दिवस मी इमारत नव्हे, गोधडी मोजत होते.

मी यंत्राला नमस्कार केला, तेव्हाच आत्यांनी ते फरशीवर ठेवू दिलं. लॅपटॉपच्या पडद्यावरची रेघ जवळजवळ सपाट झाली. बाहेरून ट्रक गेला तेव्हा किंचित थरारली, पुन्हा शांत. इमारत ठणठणीत होती. आत्या माझ्या खांद्यावरून पाहत होत्या.

त्यांनी वाकून उजव्या हाताचा तळवा यंत्रावर टेकला. रेघ उसळली आणि एकसारखी, घाईघाईने थरथरत राहिली. मी घाईने माझा हात ठेवला. "आत्या, माझाही हलतो, बघा. सगळ्यांचेच हलतात." माझी रेघ हलली खरी, पण त्यांच्यापुढे ती काहीच नव्हती. मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःच्या यंत्राचा रागही आला.

आत्यांनी तो पाट ओढून घेतला, गोधडीची एक घडी वाढवली, त्यावर उजवं कोपर रोवलं आणि ब्रश उचलला. समोरच्या मूर्तीच्या पापणीची रेघ एका दमात काढली. नंतर दुसरी. दोन्ही स्वच्छ.

मालक जिना चढून धापा टाकत आला. "काय म्हनते मशीन? हालते का बिल्डिंग?"

"हलते," मी म्हणाले. "प्रत्येक इमारत हलते." यात एक अक्षर खोटं नव्हतं. "पडणार मात्र नाही. गणपती वर आणा."

त्याने मूर्तीचे डोळे पाहिले, आत्यांकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं. मग खाली जाऊन पितांबराचं काम दुसऱ्याला देऊन टाकलं.

पुढच्या हंगामात बांधलेला प्रबंध दाखवायला मी पेणला गेले. आत्या पाटावर कोपर ठेवून बसल्या होत्या.

"माझ्या पाटाचं लिवलंस का गो त्यात?"

"लिहिलंय. पण चूक म्हणून."

"लिव, लिव," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आनि आता जरा हालू नको. डोला काढतेय."