आठ वाजताचं गाठोडं

आमच्या समोरच्या चाळीत एका संस्थेने रात्रनिवाऱ्यातल्या बेघर कुटुंबांसाठी चार खोल्या घेतल्या आहेत. त्यातल्या एकीत शेवंताबाई आणि त्यांची लेक राहायला येऊन महिना झाला. तरी रोज सकाळी आठच्या ठोक्याला त्या गाठोडं बांधतात आणि लेकीला घेऊन बाहेर पायरीवर येऊन बसतात. निवाऱ्यात आठला सगळ्यांना बाहेर काढत, आत घेत ते दिवेलागणीलाच. इथे त्यांना कोणी उठवत नाही. किल्ली त्यांच्याच कमरेला असते.

मला वाटायचं, बाहेर काढलं जाण्याची वेळ अंगात एकदा मुरली की ती लवकर निघत नसावी. घराची सवय लागायलाही दिवस लागतात, होईल हळूहळू. किती भाबडी मी!

आज राहवलं नाही. म्हटलं, "बाई, आता खोली तुमची आहे. आत बसा की निवांत."

त्या हसल्या. "वर्षभराचीच आहे, ताई. सवय मोडली तर पोरीला परत जड जाईल."

लेक गाठोड्यावर वही ठेवून लिहीत होती. मी घरात आले आणि दार लावताना कडीचा आवाज होऊ नये म्हणून जपलं.